धम्मशीलाचा वरवंटा

अर्ज टाकून धम्मशीला स्वस्थ बसली असती, तर मला लिहायला काही उरलंच नसतं. पण स्वस्थ बसणं तिच्या स्वभावात नाही.

ब्रिस्टलमध्ये आम्ही शेजारणी. ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, नवरा विक्रांत इंजिनीअर. मुलगी नोकरीसाठी लीड्सला गेली आणि पन्नाशी उलटलेल्या या बाईने युनिव्हर्सिटीत जिऑलॉजीच्या डिग्रीला अर्ज केला. का, तर स्वयंपाकघरातल्या वरवंट्याला बारीक भोकं का असतात, हे तिला आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं! हा वरवंटा पाट्यासकट तिने साताऱ्याहून विमानाने आणलाय. तेव्हा सामानाच्या वजनावरून विक्रांतशी झालेलं भांडण अजून मिटलेलं नाही.

तिचे वडील मास्तर होते. "अर्ज देऊन घरी बसायचं नाही, तोंड दाखवत राहायचं," हे त्यांचं सांगणं. म्हणून ही बेसनाचे लाडू घेऊन अ‍ॅडमिशन ऑफिसात हजर! तिथल्या मुलीने हसून डबा परत केला.

"अगं, इथे असं चालत नाही," मी हसू आवरत म्हटलं. "काय तो निर्णय अर्ज वाचून घेतात."

"बरं, लाडू नाही नेणार. नुसती जाईन."

दर गुरुवारी संध्याकाळी जिऑलॉजीच्या डिपार्टमेंटमध्ये सर्वांसाठी व्याख्यान असतं. ही पहिल्या रांगेत. परत आली की कोट न काढता माझ्या दारात उभी. "शैला, आपल्याकडचा काळा दगड म्हणजे थंड झालेला लाव्हा! त्यातले बुडबुडे तसेच राहिले, तीच भोकं. डायनासोरच्या काळातल्या दगडावर आपण चटणी वाटतो गं!" एकदा तर तिने पाठीवरच्या सॅकमधून वरवंटाच नेला. प्रोफेसर म्हणे भिंग लावून बघतच बसले.

मी मुद्दाम वेबसाइट पाहिली. व्याख्यानाला आल्या-गेल्याचा प्रवेशाशी काही संबंध नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. तिला सांगायचा मात्र मला धीर झाला नाही.

मग उत्तर आलं. विज्ञानाचा अलीकडचा अभ्यास नाही, सबब प्रवेश नाही. मला असा संताप आला! धम्मशीला माझ्याच टेबलाशी बसून रडली. "फार आशा होती गं," एवढंच म्हणाली. मला लाडवांवरून हसल्याचं वाईट वाटलं.

पुढच्या गुरुवारी मी कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेले, तर ही सॅक घेऊन बसस्टॉपवर.

"आता कुणाला तोंड दाखवायला निघालीस?"

"ते होय? ते तर मी दुसऱ्या व्याख्यानालाच विसरले होते." तिने रस्त्याकडे पाहिलं. बस येत होती. "आज चंद्रावरच्या दगडांवर आहे. त्यांनाही भोकं असतात म्हणे. का असतील गं?"

मला काय माहीत! घरातल्या सपाता घालूनच मी तिच्यामागे बसमध्ये चढले.