सालीच्या रंगाचा पतंग

फरीदाबादच्या अलीकडे अरवलीच्या उतारावर धौची झाडं दाट होती. तिथे खोडाच्या सावलीच्या बाजूला, सालीच्याच रंगाचा एक पतंग दिवसभर पंख पसरून निपचित बसलेला असायचा. दुसरीकडे कुठेच तो मला दिसला नाही. कॅमेरेवाले झुंडीने येतील म्हणून मी, महाशहाण्याने, ती जागा नऊ वर्षं कुणालाच सांगितली नाही.

मग रस्त्यासाठी तीच झाडं तोडायची ठरली. हरकत घ्यायला वनखात्याच्या कचेरीत गेलो, पतंगाच्या नोंदींची माझी वही पुढे केली. साहेबांनी ती उघडलीसुद्धा नाही.

“ये तो आपने लिखा है. सरकारी रिकॉर्ड में कुछ है?”

मला धड चिडताही येईना. तीस वर्षं सरकारी खुर्चीत बसून मीही लोकांचे कागद असेच न उघडता परत केले होते.