कुलूप लावलेला व्हॉल्व्ह

पाण्याच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढली. बाटल्या रोज धुतल्या जातात, किस्से मात्र साठत जातात. हे नवी मुंबईत, खाडीकाठच्या पावणे गावातल्या आमच्या कंपनीतले. दर वेळी हसत सांगायला घेते, पण जमत नाही.

*

कूलिंग टॉवरला शुद्ध केलेलं सांडपाणी वापरायचं ठरलं. चांगलीच गोष्ट! पण त्यात क्षार जास्त. पाण्याची वाफ उडून जाते, क्षार मागे उरतात. म्हणून अधूनमधून थोडं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर मशिनं थंड करणाऱ्या ट्यूबमध्ये क्षारांचा दगड बसतो. मी तसं लिहून दिलं.

प्लांट हेड कर्णिक साहेब म्हणाले, “मॅडम, पाणी वाचवायला आणलंय, सोडायला नाही!”

आणि ड्रेनच्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं. खरंखुरं कुलूप!

*

महिन्याभरात पाण्यातल्या क्षारांची रीडिंग बिघडली. साहेबांनी कागद पाहिला. “तुमचं मीटर तपासा.”

तपासलं. मीटर बरोबर होतं.

“मग दुसरं आणा!”

*

टॉवर सांभाळायचे म्हात्रे. इथल्याच गावचे, रिटायरमेंटला आलेले. एकदा पाइपवर पाना वाजवून म्हणाले, “म्याडम, आवाज बसलाय याचा. आत दगूड हाय.”

‘व्हॉल्व्ह उघडावा’ असं त्यांनी लॉगबुकात तीनदा लिहिलं. तिसऱ्यांदा साहेबांचा शेरा आला: ‘ऑपरेटरने सल्ले देऊ नयेत.’

*

पाणी वाचवल्याबद्दल कंपनीला ढाल मिळाली. फोटोसाठी सगळे गेटवर जमलो. तेवढ्यात मशिनं तापली आणि अख्खा प्लांट ट्रिप! साहेबांचा चेहरा पांढरा.

फोटोग्राफर म्हणाला, “सर, जरा स्माइल!”

ट्यूब उघडल्या, तर आत पेन्सिल जाईना.

*

चौकशी झाली. कारण निघालं: ऑपरेटरचं अज्ञान. म्हात्रेंना मेमो मिळाला, दोन आठवडे घरी बसवलं.

लॉगबुकाचं मला कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही.

*

म्हात्रे परत आले, त्याच आठवड्यात हेड ऑफिसहून ट्रेनर आला. ऑपरेटर लोकांना दोन तास स्लाइड दाखवल्या: पाणी आटतं, क्षार उरतात. शेवटी म्हात्रेंकडे वळून, लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, “काका, समजलं ना?”

म्हात्रे उभे राहिले.

“सायेब, माजा बापूस ह्याच खाडीवर मीठ पिकवाचा. कंपन्यांसाठी जमीन घेतली तवा सरकारनी बापसाच्या फारमावर लिवला, मानसाला काय काम येत नाय!”