गाभारा पुसण्याचा नवस

देवावर माझा विश्वास होता, पण त्याहून जास्त भीती होती, हे आज कबूल करते. धाकटा मुलगा तापानं हाती लागेल असं वाटेना, तेव्हा चारठाण्यातल्या आमच्या महादेवाला मी बोलले होते, की हा वाचला तर जिवात जीव असेपर्यंत दर सोमवारी तुझा गाभारा मी स्वतः बसून पुसेन. मुलगा वाचला. वीस वर्षांत माझा एक सोमवार चुकला नाही. मग गुडघे गेले.

जिंतूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. सांध्यातली कुर्चा झिजून हाडावर हाड घासतंय, आता सांधा बदलण्यावाचून इलाज नाही, आणि नंतर उकिडवं बसायचं नाही, असं ते म्हणाले. मुलानं खूप विनवलं. मी नाही म्हणाले आणि कारण सांगितलं नाही. ज्याच्यासाठी नवस, त्यालाच कसं सांगणार? त्यापेक्षा आठवडी बाजारात मिळणारी गुडघेदुखीची पुडी बरी वाटली. तासाभरात दुखणं पळायचं. तोंडावर सूज आली तर शेजारणी म्हणायच्या, तब्येत सुधारली. दोन वर्षं मी ती देवाचा प्रसाद समजून खाल्ली.

एका सोमवारी भर दुपारी गाभारा पुसायला बसले ती उठताच येईना. गुडघा अडकून बसला होता. हाका मारून घसा बसला. शेवटी साडी ओली झाली, तीही देवासमोर. त्या लाजेनं मी रडले आणि म्हणाले, आता तूच ने मला.

वर दारात एक अनोळखी शेळ्यावाली येऊन थांबली, माझ्याच वयाची. दोन पायऱ्या उतरून खाली काही येईना, तेव्हा मला तिचा रागच आला. मग तिनं हातातली काठी पुढं केली.

"मला खाली बसाया येत न्हाई, माय. दोनी गुडघे बदललेत. पर वढता येतंय. धरा."

तिनं मला पायरीवर ओढून घेतलं. नवसाची गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा कुणाला सांगितली ती तिला. तिनं एवढंच विचारलं.

"लेकरू देवानं वाचवलं, का तुमच्या फडक्यानं?"

ऑपरेशन एकाच पायाचं झालं. पुडीत कसलं तरी जालीम औषध होतं. त्यानं साखर वाढली, हाडं ठिसूळ झाली, आणि दुसऱ्या पायाला हात लावणं डॉक्टरांना धोक्याचं वाटलं. ते दुखणं आता माझ्याबरोबरच जाईल. नवा गुडघा वाकवण्याचे पहिले दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. ती बाई पुन्हा दिसली नाही. देवी असती तर दारात लेंड्या टाकून गेली नसती, असं मुलगा हसून म्हणतो. मी वाद घालत नाही.

आता सोमवारी सून गाभारा पुसते आणि कोपरे तसेच सोडते. मी काठी धरून दारात उभी असते, जिभेला आवर घालून. मुलाचा फोन यायला उशीर झाला की अजूनही ती जुनी भीती वाटते. तेव्हा महादेवाला म्हणते, लेकरू तुझंच होतं, राखणीला मी उगाच बसले होते. आणि उभ्यानंच हात जोडते.