टेकडीवर ताईनं विचारलं, तुम्ही कोण?

माझी थोरली बहीण सुमाताई इन्सुलिन घेते. परवा सकाळी आम्ही दोघी गप्पा मारत टेकडी चढत होतो. अर्ध्या वाटेत ती एकदम थांबली. चेहरा घामानं डबडबलेला, हात थरथरत होते.

"ताई, बसायचं का जरा?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?"

जिनं मला बोट धरून चालायला शिकवलं, ती मला अहो-जाहो करत होती. तिला दगडावर बसवलं, तिच्या पिशवीतली ग्लुकोजची पावडर पाण्यात कालवली आणि घोटघोट पाजली. परक्या माणसाच्या हातचं प्यावं तशी ती निमूट प्यायली. हळूहळू तिची नजर निवळली.

"रडतेस काय वेडे? साखर उतरली असेल. आज निघताना नीट खाल्लंच नाही मी," असं म्हणून तिनं बोट टोचून साखर तपासली, मग बिस्किटं खाल्ली.

रक्ताचं नातं तुटत नाही म्हणतात. त्याच रक्तातली चिमूटभर साखर कमी झाली, तर सख्खी बहीण ओळख विसरते.

उतरताना ती नेहमीसारखी बोलत होती. तिचा आवाज क्षणभर थांबला, तरी मी वळून तिचा चेहरा बघत होते.