मसुराची बेगमी

मी वर्षभराच्या मसुराला उदबत्तीची राख लावली. वास अजून गेलेला नाही.

निपाणी सोडून नोकरीसाठी बेंगळुरूला निघालो, त्या दिवशी आई अंगणात मसुराला चुलीची राख चोळत बसली होती. राख लावली की कडधान्याला कीड धरत नाही. मला पोहोचवायला स्टँडवर यायचं सोडाच, ती जागची उठलीसुद्धा नाही. "तुझी गाडी उद्याबी हाय रं. असं ऊन न्हाय," म्हणाली. संकेश्वर येईपर्यंत मी रुसून बसलो. मग पिशवी उघडली, तर धपाट्यांखाली राखेसकट मसुराची पुरचुंडी. बेगमीत माझाही वाटा धरलेला होता.

बेगमी म्हणजे काय, हे ऑफिसात समजावताना मी दर वेळी हरतो. 'स्टॉक' म्हटलं की त्यांना गोडाऊन दिसतं. पुढच्या पावसात आपल्याकडं कोण कोण जेवायला असेल, हे उन्हातच मनात धरायचं, ती बेगमी. आई बाळंतिणीचा पसा धरायची, भांडून माहेरी येणाऱ्या आत्याचासुद्धा धरायची. इथं मोबाईलवर बोट टेकवलं की मीठ दारात. कुणाला मनात धरायची गरजच पडत नाही. गाव सोडलेल्या माझ्यासारख्याला घर कुठलं म्हणून विचारलं, तर मी एवढंच सांगेन : ज्या पोत्यात आपला पसा धरलेला असतो, ते.

आई गेली. आप्पा गावाकडं एकटे, मी इथं चौदाव्या मजल्यावरच्या फ्लॅटात एकटा. त्यांनी कायमचं माझ्याकडं यावं, म्हणून यंदा मीच बेगमी मांडली. पोतंभर मसूर आणला. चूल कुठली असणार! खालच्या देवळातून उदबत्तीची राख मागून आणली. पुजाऱ्यानं भक्त समजून वर प्रसाद दिला.

आप्पा आले. आमटीचा पहिला घास घेतला आणि हात जोडले. "आरती झाली न्हवं? मग जेवूया."

कितीतरी दिवसांनी त्या घरात कुणीतरी मोठ्यानं हसलं. तो मीच होतो. तेवढ्यात धीर करून म्हणालो, "आप्पा, हितंच ऱ्हावा की. वर्साचं भरून ठेवलंय."

त्यांनी खिशातून परतीचं तिकीट काढून ताटाशेजारी ठेवलं. निघायच्या आधीच काढलेलं. ही त्यांची बेगमी. मग हात धुऊन मोकळ्या खोल्यांतून एक फेरी मारली आणि पोत्याजवळ येऊन थांबले.

"लई शाना. खानारी तोंडं न्हाईत, आन पोतं भरून ठिवलास. एवढ्या वर उंदीर सुदीक चढंना रं."