बर्फाच्या गाडीचे मोठे टायर

मी तोंड उघडलं की बाबा म्हणायचे, "अर्धा कर गो." घरात तो रिवाजच होता. मी सांगायचे, वाकोल्यात एवढं पाणी भरलं की दुसऱ्या मजल्यावर बोंबील शिरले. बाबा चहा फुंकत म्हणायचे, "अर्धा कर." मग मी बोंबील पहिल्या मजल्यावर उतरवायचे.

बाबांची पिकअप होती, बर्फाची. आजोबा गिरणीत गेले, बाबा बर्फात. कारखान्यातून लाद्या भरायच्या, भाईंदरवरून वळसा घालायचा आणि मनोरीच्या होड्यांना बर्फ पोचवायचा. रस्ता संपून मऊ, कोरडी वाळू लागली की गाडी रुतायची. तिथून पुढे लाद्या खांद्यावर. "एक दिवस मोठे टायर घालतलंय आणि थेट लाटेत गाडी उभी करतलंय," असं ते जन्मभर म्हणत राहिले. म्हणता म्हणता लकव्याने त्यांची डावी बाजू गेली. वाचा तेवढी शाबूत राहिली, म्हणजे मला गप्प करणारा माणूस शाबूत राहिला.

चाकाची खुर्ची आली. ती वाळूत चालत नाही, हे काही कुणी सांगायला नको. एके सकाळी बाबा म्हणाले, "माका एकदा मनोरीक घेवन चल, मोठे टायर घालून. माझ्या गाडीतून. पाण्यापर्यंत."

"आणि ते टायर बघून आरटीओत पासिंगला काय सांगणार?" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

"पासिंग येईपर्यंत काढू गं परत," मी म्हटलं.

गल्लीच्या तोंडाशी बाबांच्या जुन्या मिस्त्रीचं गॅरेज होतं. मी रोज खुर्ची ढकलत तिथे न्यायचे आणि बाबा मुकादम होऊन बसायचे. टायर आले तेव्हा मी जाहीर केलं की एका टायरच्या पोकळीत अख्खं कुटुंब भाड्याने राहील. चाकांवरचा पत्रा ग्राइंडरने कापला. ठिणग्या पार विमानतळापर्यंत उडाल्या. बरं, अर्ध्या. स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे घातले, लांब शॉकअप बसवले. तरी स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत घासायचा. बाबांचा उजवा हात वर व्हायचा, "अजून वर घे रे!" मिस्त्री गाडी अजून वर घ्यायचा.

"काका, एक लक्षात ठेवा," मिस्त्री म्हणाला. "चाक मोठं झालं ना, आता मीटर कमी दाखवणार. गाडी पळेल जास्त, सांगेल कमी."

बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "बरा झाला. घरात एक तरी कमी सांगणारी इली."

आणि एक दिवस गाडी जॅकवरून उतरली. देवळापुढे हत्ती उभा राहावा तशी गल्लीत उभी राहिली. पोरं टाळ्या वाजवत होती. मी खुर्ची दारापाशी नेली, दार उघडलं.

सीट बाबांच्या डोक्याच्याही वर होती.

त्यांनी उजवा हात वर केला. दारातल्या दांडीपर्यंत पोचला नाही. पुन्हा केला. मग हात मांडीवर ठेवून बसून राहिले. इतके दिवस टायर मोजला, पत्रा मोजला, पाटे मोजले. बाबांना कुणी मोजलं नाही. बाबांनीही नाही. त्यांच्या मनात अजून तो बर्फवालाच होता, एक पाय टेकवून उडी मारून आत बसणारा.

"काका, आम्ही चौघं उचलतो ना. दोन मिनिटांचं काम," मिस्त्री म्हणाला.

"मी काय मखरातलो गणपती आसंय?"

मग ते मला म्हणाले, "तू जा. बघून ये चलता काय नाय."

मी गेले. टायरमधली हवा कमी केली आणि गाडी वाळूत घातली. देवाशपथ, गाडी लोण्यातून सुरी जावी तशी गेली. जिथे ते जन्मभर अडकले ती जागा कधी मागे पडली, कळलंही नाही. पुढची चाकं लाटेत उभी राहिली. शेजारची सीट रिकामी. मी थोडा वेळ बसले आणि गाडी मागे घेतली. याहून वाईट काय व्हायचं होतं? गाडी रुतली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन म्हटलं, "वाट लागली, बाबा. त्याच जागी रुतली. टायर काही कामाचे नाहीत. नाही आलात तेच बरं केलंत."

आयुष्यात पहिल्यांदा मी कमी सांगितलं.

बाबांनी खुर्ची टायरपाशी न्यायला लावली. टायर त्यांच्या छातीपर्यंत येत होता, तिथे हात सहज पोचला. त्यांनी रबराच्या खाचेत बोट घातलं, ओली वाळू काढली आणि तिच्याबरोबर एक चिमुकला शिंपला. तो मुठीत घट्ट धरला. मग डोळे मिटून म्हणाले,

"आता दुप्पट कर गो."

मी सांगायला लागले. गाडी बाबा चालवत होते, मागे बर्फ होता, होडीवाले हात करत होते. बाबांचा उजवा पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पाटीवर हळूहळू दाबला जात होता. मी लाट आणली, तिथे त्यांनी ब्रेक मारला.