अकरा सेकंदांचं सोनं

भिवराबाई तिडकेला भांडण विसरता येत नसे. धाकट्या जावेशी ती चौदा वर्षं बोलली नव्हती. जाऊ वारली तेव्हा ती तिच्या दारात जाऊन बसली, पण डोळ्याला पदर लावला नाही. नवरा राधाकिशनबरोबर तिनं बावीस हंगाम ऊस तोडला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना एकदा पाय घसरला आणि गुडघा कायमचा दुखरा झाला, तरी पुढचे हंगाम तिनं चुकवले नाहीत. धारूरच्या घाटाखालच्या वस्तीत बायका म्हणायच्या, ही बाई भाकरीवर चालत नाही, रागावर चालते.

गेली तीन वर्षं हा राग एकाच घरावर होता. ते घर विजयसिंहांचं.

तिची लेक मनिषा शाळेला सायकलवर जायची. सात किलोमीटरची वाट, त्यातली अर्धी चढाची. शाळेतले खेळाचे शिक्षक पंडित सर एकदा मोटारसायकलवर घाट चढत होते. बाकीच्या पोरी उतरून सायकली ढकलत होत्या आणि ही एकटी पाठीला दप्तर लावून, सीटवरून न उठता चढत होती. दुसऱ्या दिवसापासून सरांनी तिला शर्यतीसाठी तयार करायला घेतलं. सरांच्या हाताखाली आधीच एक मुलगी होती, संस्कृती. विजयसिंहांची लेक. विजयसिंहांची बागायत मोठी, एकदा जिल्हा परिषदेवर निवडून आलेले, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. संस्कृतीकडे पुण्याहून आणलेली हलकी सायकल होती, मनिषाकडे सरांनी कुणाकुणाकडून सुटे भाग मागून जोडलेली. तरी पाच वर्षं दोघी एकत्र घाट चढल्या. आई-बाप कारखान्यावर गेले की मनिषा संस्कृतीच्याच स्वयंपाकघरात जेवायची. भिवराबाईला पुढं जास्त झोंबलं ते हेच.

२०२२च्या फेब्रुवारीत संस्कृती परराज्यात एका शर्यतीला गेली. मनिषाला तेव्हा ताप होता, ती घरीच राहिली. शर्यत झाल्यावर संस्कृतीची लघवी तपासायला घेतली आणि तिच्यात बंदी असलेलं औषध निघालं. वजन कमी व्हावं म्हणून चुलतभावानं आणून दिलेल्या गोळ्या तिनं आठवडाभर खाल्ल्या होत्या. त्यात काय आहे ते तिनं विचारलं नव्हतं, भावानं सांगितलं नव्हतं. दिल्लीहून खेळातली उत्तेजकं तपासणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. चौकशी होईल, पण औषध अशा प्रकारचं आहे की निकाल लागेपर्यंत खेळायला मनाई नाही, असं त्यात लिहिलं होतं. मग तारखा सुरू झाल्या. कधी विजयसिंहांचा वकील मुदत मागायचा, कधी चौकशीची समितीच बसायची नाही.

त्याच डिसेंबरात राज्याची शर्यत धारूरच्या घाटात ठरली. पहिली येणारी एकटीच राष्ट्रीय शिबिराला जाणार होती. भिवराबाई तेव्हा कोल्हापूरकडच्या फडात होती. मुकादम नको नको म्हणत असताना ती कोयता खोपटात टाकून निघाली आणि तीन एस.टी. बदलून शर्यतीच्या सकाळी घाटात येऊन उभी राहिली. शेवटच्या वळणावर दोघीच पुढे होत्या. मनिषा पुढं, संस्कृती तिच्या चाकाला चाक लावून. वळणावर संस्कृती सीटवरून उठली, पायात जोर आणला आणि भिवराबाईच्या डोळ्यांदेखत निघून गेली. वर पोचेपर्यंत दोघींमध्ये अकरा सेकंदांचं अंतर पडलं होतं.

"इख घेऊन पळाली रांड!" भिवराबाई रस्त्यावरच ओरडली. माणसांनी वळून पाहिलं.

त्या दिवशीही संस्कृतीची तपासणी झाली. त्यात काहीच निघालं नाही. ती शिबिराला गेली, तिथून रेल्वेत नोकरीचं बोलणं सुरू झालं. मनिषाचं पुढच्याच उन्हाळ्यात लग्न झालं. नवरा सोमेश्वर परळीच्या वीज केंद्रातली राख वाहून नेणाऱ्या टँकरवर ड्रायव्हर. तिला एक मुलगी झाली आणि ती ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या एका दुकानात काउंटरवर बसू लागली. सायकल माहेरीच राहिली.

निकाल लागला तो २०२५च्या जूनमध्ये. पंडित सर स्वतः वस्तीवर सांगायला आले. संस्कृतीवर आजपासून दोन वर्षांची बंदी, आणि फेब्रुवारीच्या त्या तपासणीपासून पुढचे तिचे सगळे निकाल रद्द. घाटातली शर्यत आता मनिषाची. पदक संस्कृतीनं पुण्याला राज्याच्या सायकल संघटनेकडे परत पाठवायचं, तिथून ते मनिषाला मिळणार.

"आन् शिबिर?" भिवराबाईनं विचारलं.

"ते तेवीस वर्षांखालच्या मुलींचं होतं. मनिषा आता चोवीसची."

"मंजी पोरगी म्हातारी होस्तवर यांनी वाट बघितली."

सर चहाही न घेता उठले.

पदक पुण्याला जाऊन परत यायची वाट पाहणं भिवराबाईच्या स्वभावात नव्हतं. त्याच दुपारी ती विजयसिंहांच्या बंगल्याच्या फाटकात जाऊन उभी राहिली. विजयसिंह ओट्यावर फोनवर बोलत होते. आजवर ती त्यांना 'दादा' म्हणायची, नजर खाली ठेवून.

"इजयसिंग, पदक द्या माज्या लेकीचं."

त्यांनी फोन खाली घेतला. "भिवराबाई, तोंड सांभाळून. संघटनेचं पत्र आलंय, त्याप्रमाणं होईल. तुमी घरी जा."

"घरीच होते की तीन वर्सं! तुमचा वकील तारखा घेत होता, आन् माजी पोरगी भांडी घासत होती. कावून घेतल्या तारखा? पोरगी सुद होती तर पयल्याच तारखेला उबी करायची होती."

तेवढ्यात संस्कृती बाहेर आली. भिवराबाईनं तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं. पोरगी वाळली होती. रेल्वेतली नोकरी, पत्र हातात येण्याआधीच, रद्द झाल्याचं गावात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मावशी, त्या दिवशी तुमी वळणावर होतात," ती म्हणाली. "सांगा, पुढं कोन गेलं?"

"इख गेलं पुढं."

"न्हाई. इख फेब्रुवारीत होतं. ते मी कबूल केलंय. त्या शर्यतीचं काय घ्यायचं ते घ्या. पन डिसेंबरात माज्या अंगात काय होतं? त्यांनीच तपासलं, त्यांनीच काई न्हाई म्हनून लिवून दिलं. त्यांनीच मला रेषेवर उबं राहू दिलं. आन् आता म्हन्तात, ती शर्यत झालीच न्हाई."

"झाली कशी न्हाई? माज्या लेकीचं वाटोळं झालं, तेवडी झाली."

"तुमच्या हातात मी काई देनार न्हाई. तिला पाठवा."

विजयसिंहांनी गड्याला हाक मारली. गडी फाटकापाशी आला, पण भिवराबाईला हात लावायची त्याची छाती झाली नाही. ती स्वतःच वळली, आणि वळताना फाटकावर थुंकली.

दुसऱ्या दिवशी ती परळीला गेली. दुकानात गिऱ्हाईक होतं. मनिषानं ते वाटेला लावलं आणि आईचं सगळं बोलणं उभ्यानंच ऐकलं. बाहेर टँकर जात होते, काउंटरवर राखेचा पातळ थर बसला होता. मनिषा बोटानं त्यावर रेघा ओढत राहिली.

"माय, त्या दिवशी तिनं मला सरळ हरवलं."

"काय?"

"माज्या पायात दमच राहिला नव्हता. ती उठली तवाच मला कळलं. औषध असतं तर वायलं कळलं असतं. पाच वर्सं तिच्या मागं-पुढं चालवली सायकल, मला तिचा दम ठाऊक हाय."

भिवराबाईनं काउंटरवर हात आपटला. "तिच्या घरची भाकर बोलतीया ही! मी तीन वर्सं त्या घराकडं पाठ करून बसले, आन् तू तिची वकिली करतीस?"

"वकिली न्हाई." मनिषाचा आवाजही चढला. "तिला मी कदी माफ करनार न्हाई. पन गोळ्यांसाठी न्हाई. डोक्यावर चौकशी हाय हे ठाऊक असताना ती रेषेवर उबी कावून राहिली? म्हनायचं होतं, माजा निकाल लागू द्या, मग येते. ती घरी बसली असती, तर मी शिबिराला गेले असते. घरी बसल्याले दिस बंदीत धरत्यात, तिची बंदी बी कवाच सरली असती. तिला सोडलं म्हनून ती आली. सोडनारे बी तसेच. आता त्यांना तीन वर्सांनी न्याय सुचलाय. तिची शर्यत खोटी केली, आन् माजी खरी झाली का? मी दुसरी आलते. कागदावर पयली."

"मग पदक नको म्हन्तीस?"

"नको कशाला? घेनार. तेवडंच उरलंय."

रविवारी मायलेकी विजयसिंहांच्या दारात गेल्या. या वेळी विजयसिंह घरात नव्हते. संस्कृतीनं पदक एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणलं. संघटनेला ते पाठवायचं होतं. ती म्हणाली, "मी त्यांना कळवीन, तिला दिलं म्हनून." पिशवी मात्र तिनं हातातून सोडली नाही.

"एकदा तोंडानं म्हन," ती मनिषाला म्हणाली. "तिथं मी तुला हरवलं, एवडंच."

मनिषा तिच्याकडं बघत राहिली. "हरवलंस. दे."

संस्कृतीनं पिशवी पुढं केली. मनिषानं घेतली.

"आता तू म्हन," मनिषा म्हणाली. "तुजा तिथं उबं राहायचा हक नव्हता."

संस्कृतीनं ओठ आवळले. "मला परवानगी होती."

"म्हन्लं नव्हतं मी?" भिवराबाई ओरडली. "आतून सडल्याली हाय ही!"

संस्कृती आत गेली आणि दार लावून घेतलं. परतीच्या वाटेवर 'हरवलंस' हा शब्द भिवराबाईच्या मनातून जात नव्हता. तीन वर्षं ज्यासाठी ती भांडली, ते लेकीनं दारात उभं राहून एका शब्दात देऊन टाकलं, असं तिला वाटत होतं. मनिषा वस्तीवर जेवायलाही थांबली नाही, फाट्यावरूनच परळीची गाडी धरली. त्यानंतर तिचा फोन आला की भिवराबाई तो राधाकिशनच्या हातात द्यायची आणि शेजारी बसून सगळं ऐकायची.

प्रमाणपत्र पावसाळ्यात आलं. त्यावर पहिला क्रमांक लिहिला होता आणि तारीख २०२२ची होती. सोमेश्वरनं ते फ्रेम करून भिंतीला लावलं. मनिषानं आठ दिवसांनी उतरवून कपाटात ठेवलं. भिंतीला ओल येतेय, एवढंच ती म्हणाली.

त्या वर्षी गुडघा साफच बसला आणि भिवराबाई पहिल्यांदा तोडीला गेली नाही. राधाकिशन एकटा गेला. तिनं चार शेळ्या घेतल्या आणि घाटाच्या कडेनं चारू लागली. डिसेंबरातल्या एका सकाळी खालून सायकल येताना दिसली. संस्कृती होती. बंदी संपायला दीड वर्ष होतं, पण ती रोज चढत होती, एकटीच. शेळ्या रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. भिवराबाईच्या हातात काठी होती. शेळ्या हाकायला तिनं ती उचलली नाही.

संस्कृतीनं घंटी वाजवली नाही, हाक मारली नाही. ऐन चढावर उतरून सायकल धरून उभी राहिली. छाती धपापत होती, केसांतून घाम गळत होता. भिवराबाई तिच्याकडं बघत होती, ती रस्त्याकडं. शेळ्यांनी कडेचा पाला सावकाश खाल्ला आणि मग एकेक करून त्या पलीकडं गेल्या. संस्कृती परत सायकलवर बसली. चढावर पुन्हा वेग धरायला तिला फार कष्ट पडले, आणि ती वळणाआड जाईपर्यंत भिवराबाई ते बघत उभी राहिली.